मांजराला कशाला दवाखाना?

साखऱ्यात काय किंवा सेनगाव तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, मांजराचे केस गळू लागले, कानाच्या कडेला खपल्या धरल्या, पाठीवर ओली जखम दिसली की घरात काय बोललं जाणार ते जवळपास ठरलेलं असतं. कुणी म्हणतं, हळद-तेल लावा. कुणी म्हणतं, कृषी केंद्रातून गोचिडाचं औषध आणा आणि पाण्यात कालवून पुसा. कुणाला कपाटातली मलमाची अर्धी ट्यूब आठवते. कुणी जळकं ऑइल सुचवतं. आणि यातल्या कशानंच फरक पडला नाही की घरातलं थोरलं माणूस निकाल देतं, ‘मांजराला कशाला दवाखाना? पोत्यात घाला अन् लांब सोडून या.’

हा प्रत्येक सल्ला चुकीचा आहे आणि त्यातले दोन-तीन तर मांजराचा जीव घेणारे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सल्ला देणारे दुष्ट नसतात. बहुतेकांना त्या मांजराचं बरंच व्हावं असं वाटत असतं. म्हणूनच त्यांना उत्तर नीट, कारणांसकट द्यायला हवं.

सगळ्या चुकांच्या मुळाशी एक समज आहे. अंगावरचा चट्टा हाच रोग, असं आपण धरून चालतो. चट्टा ही खूण असते, आणि तीच खूण अगदी वेगवेगळ्या कारणांनी उमटते. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी केसात शिरते, केस मुळापाशी तुटतात आणि गोल, कोंडा धरलेले चट्टे पडतात. हे गजकर्ण. नोटोएड्रिस नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बिळं करतो. त्याची सुरुवात बहुधा कानाच्या कडेपासून होते, तिथून तो कपाळ, पापण्या, मान असा पसरतो आणि कातडी जाड, करडी, सुरकुतलेली होते. ही मांजराची खरूज. पिसवांच्या लाळेचं वावडं असलेल्या मांजराच्या कंबरेवर, शेपटीच्या बुडाशी केस विरळ होतात आणि हात फिरवला तर बारीक बारीक खपल्या बोटांना लागतात. दोन बोके रात्री भांडले की दाताचं छिद्र वरून दोन दिवसांत बुजतं, आत पू साठतो, मग एके दिवशी गळू फुटून मोठी जखम उघडी पडते. आणि पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोकावर महिनोन् महिने न भरणारी, पुन्हा पुन्हा खपली धरणारी जखम असेल तर तो उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग असू शकतो. मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर पत्र्यावर आणि भिंतीवर पहुडणाऱ्या पांढऱ्या मांजराच्या बाबतीत ही शक्यता दूरची समजू नये. वेळेत ओळखला तर कानाचं टोक कापून तो थोपवता येतो. ‘उंदरानं चावलं असेल’ म्हणून सहा महिने हळद लावत बसलं तर थोपवता येत नाही.

आता बघा, या पाचांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत, उलट एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. वावड्याची खाज स्टेरॉइडनं बसते, पण तेच स्टेरॉइड गजकर्णावर लावलं तर बुरशी फोफावते. बुरशीच्या औषधाला खरजेचा किडा दाद देत नाही. गळवाला निचरा आणि प्रतिजैविक लागतं. कर्करोगाला शस्त्रक्रिया. कारण न शोधता औषध लावणं म्हणजे पाचात चार वेळा चुकीचं औषध लावणं.

‘मांजर आपलं आपण चाटून बरं करतं’ हा सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारा दावा. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले, टोकदार काटे असतात, आणि त्या जिभेनं ते तासन् तास एकच जागा चाटू लागलं की केस तुटतात, पुढं कातडी सोलते. म्हणजे कितीतरी वेळा केस ‘गळत’ नसतातच, मांजर ते स्वतः चाटून तोडत असतं. ते हे आपल्यासमोर करत नाही, माळ्यावर, कडब्याच्या गंजीमागं करतं, म्हणून आपल्याला ते आपोआप गळल्यासारखे दिसतात. ते का चाटतं? शहरातून आलेलं उत्तर असं की त्याला ताण आलाय, एकटं पडलंय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच २१ मांजरांची नीट तपासणी झाली, ज्यांच्या केस जाण्यामागं मानसिक कारण असल्याचा संशय होता. त्यातल्या १६ मांजरांना शारीरिक आजार निघाला, त्यातही बहुतेक कातडीचं वावडं. तिघांत दोन्ही कारणं मिसळलेली होती. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत सापडलं. म्हणजे चाटणं ही खाजेची तक्रार आहे. तिला उपचार म्हणणं म्हणजे माणूस कण्हतोय म्हणून तो बरा होतोय असं समजणं.

हळदीबद्दल बोलताना मी जपून बोलतो, कारण हिंगोली जिल्ह्यात हळदीविरुद्ध बोलणं सोपं नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आमच्या शिवारात हळद शिजते, वाळते, घोळली जाते, आणि बोट कापलं की पहिला हात तिच्याच डब्याकडे जातो. हळदीत जंतूंना आवर घालणारे गुण आहेत, प्रयोगशाळेत ते दिसलेही आहेत. पण बशीतल्या जंतूवर चालणारी गोष्ट केसाच्या आत शिरलेल्या बुरशीवर किंवा कातडीखाली बिळात बसलेल्या किड्यावर चालेलच असं नाही. हळद तिथवर पोचतच नाही. शिवाय मांजर लेप अंगावर ठेवत नाही, पाच मिनिटांत चाटून टाकतं आणि त्या निमित्तानं दुखरी जागा आणखी सोलून काढतं. आणि ज्या दिवशी ते अखेर डॉक्टरांपुढं जातं त्या दिवशी पिवळ्या, तेलकट लेपाखाली मूळ जखम कशी होती हे कुणालाच दिसत नाही.

‘पण आमच्या आजीनं लावली होती, मांजर बरं झालं होतं.’ झालं असेल. याचं उत्तर गजकर्णाच्या स्वभावात आहे. धडधाकट मांजराचं गजकर्ण काहीही न करता दोन-चार महिन्यांत बहुधा आपोआप ओसरतं, कारण त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. त्या काळात तुम्ही हळद लावा, राख लावा, नाहीतर मंतरलेलं पाणी शिंपडा, श्रेय त्या वस्तूला मिळतं. ज्यांची मांजरं मेली त्यांची गोष्ट कुणी सांगत बसत नाही. मग आपोआप बरं होतंय तर उपचार तरी कशाला, असं कुणी विचारेल. कारण त्या दोन-चार महिन्यांत ते मांजर घरभर बुरशीचे बीजाणू पेरत फिरतं, आणि ते बीजाणू घरातल्या लहान मुलांच्या डोक्यावर, हातावर, मानेवर रुजतात. अशक्त पिल्लांत आणि म्हाताऱ्या मांजरांत तर गजकर्ण बहुधा आपोआप ओसरतही नाही.

जळक्या ऑइलबद्दल फार लिहावं असं नाही. इंजिनातून काढलेलं ते काळं तेल, त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळकी रसायनं. मांजर ते चाटणार, ते पोटात जाणार, थोडं फुप्फुसात उतरणार. रॉकेलचंही तेच. कडुलिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवलं जातं, तेही मांजरानं चाटलं की लाळ गळणं, उलट्या, थरथर असे त्रास पशुवैद्यकांनी पाहिलेले आहेत. झाडापासून आलं म्हणजे सोसतंच असं नाही. आमच्या बांधावरचा धोतराही झाडच आहे.

खरा धोका याच्या पुढचा आहे, आणि तो समजण्यासाठी मांजराच्या यकृताबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. माणसाचं यकृत, कुत्र्याचं यकृत, बरीच औषधं आणि विषारी द्रव्यं ग्लुक्युरॉनिक आम्लाला जोडतं आणि विरघळवून लघवीवाटे बाहेर टाकतं. या कामाची एक महत्त्वाची यंत्रणा मांजरात निकामी आहे. मांजराचे पूर्वज फक्त मांस खात आले. वनस्पतींतली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची गरज त्यांना पडली नाही आणि ते जनुक बिघडून गेलं. त्यामुळं जे माणसाला सहज सोसतं, कुत्र्यालाही चालतं, ते मांजराच्या अंगात तसंच फिरत राहतं.

‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तीन किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातला तांबडा रंग बिघडतो, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. फिनाईल टाकलेल्या पाण्यानं जखम धुणं हाही तसाच प्रकार, फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराला बाहेर टाकता येत नाहीत. माणसाच्या गजकर्णावरचं जुनं, स्वस्त व्हिटफिल्ड मलम घ्या. त्यात बेंझॉइक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल असतं. दोन्ही मांजराला वाईट. म्हणजे ‘गजकर्णाचं मलम गजकर्णाला लावलं’ हा तर्क वरवर बिनचूक वाटतो आणि मांजराला विषबाधा होते.

एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष ठरतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. पूर्वी मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं आता दिसत नाहीत. ती का गेली? ताप-सूज असलेल्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. गुरांना ते सोसायचं. ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. हे शोधून निघाल्यावर २००६ साली भारत सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरायला बंदी केली. तोवर आकाश रिकामं होत आलं होतं.

आता कृषी केंद्रातलं गोचिडाचं औषध. यावर मी सगळ्यांत जास्त जोर देतो, कारण आमच्या भागात मांजरं यानं मरतात आणि लोक म्हणतात, ‘रोगानं गेलं.’ ही औषधं बहुधा डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमित्राझ यांची. बैलाच्या, म्हशीच्या अंगावरच्या गोचिडांसाठी ती प्रमाणात पाण्यात मिसळून वापरायची असतात आणि त्यासाठी ती ठीक आहेत. मांजराच्या अंगावर डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन पुसलं की काही तासांत कान आणि कातडी फडफडू लागते, लाळ गळते, पाय लटपटतात, अंगभर थरथर सुटते, मग झटके. अमित्राझनं ते सुस्त पडतं, अंग गार पडतं, नाडी मंदावते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला तितकंच घातक. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि कुत्र्याला ते थेंब टाकले असतील, तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाला अंग लावून झोपू देऊ नका.

चुकून असं काही लागलंच तर ताबडतोब कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं मांजराला धुवा. गरम पाणी नको, त्यानं कातडीचा रक्तप्रवाह वाढतो आणि विष जास्त शोषलं जातं. मग कोरडं करून, चादरीत गुंडाळून उबेत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. औषधाची बाटली सोबत न्यायला विसरू नका. झटके थांबवणारी औषधं वेळेत मिळाली तर यातली बरीच मांजरं वाचतात.

‘डॉक्टरसुद्धा ढोराचंच इंजेक्शन देतात की!’ असं एकानं मला उसळून सांगितलं. बरोबर आहे, खरजेवर टोचायचं आयव्हरमेक्टिन तेच असतं. फरक मापात आहे. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्क्याच्या आयव्हरमेक्टिनचं नेहमीचं माप ५० किलो वजनाला एक मिलिलिटर. ३०० किलोच्या बैलाला सहा मिलिलिटर. तीन किलोच्या मांजराला याच हिशेबानं ०.०६ मिलिलिटर येतं, म्हणजे जेमतेम एक थेंब. हातात पाच मिलिलिटरची सिरिंज घेऊन अंदाजे ‘थोडंसं’ टोचणारा माणूस दहा पट माप सहज देऊन बसतो, आणि दहा पट मापात मांजर आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतं. लहान पिल्लांना तर योग्य मापही कधी कधी झेपत नाही. म्हणून औषध तेच असलं तरी ते कुणी, किती आणि कुणाला द्यायचं हा निर्णय पशुवैद्यकाचा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं नोंदणीकृत पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो, तो नियम काही उगाच केलेला नाही.

कपाटातल्या त्या ट्यूबबद्दल. गेली बरीच वर्षं भारतात माणसांच्या गजकर्णाची साथ हट्टी झालेली आहे. घराघरात एकाचं बरं होतं तोवर दुसऱ्याला उठतं, आणि औषधांना दाद देईनासं होतं. त्वचारोगतज्ज्ञ याचं एक मोठं कारण सांगत आलेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली, स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली मलमं. खाज दोन दिवसांत बसते, लालसरपणा जातो, माणूस खूश होतो आणि बुरशी खालच्या खाली पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करणारा बदल केला, तो याचमुळं. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं भारताचं नाव लागलेली हट्टी बुरशी आज जगभरच्या दवाखान्यांत सापडते आहे. जे मलम माणसाच्या कातडीवर इतका गोंधळ घालून बसलंय, तेच आपण मांजराला लावतो. मांजर ते चाटतंही, म्हणजे स्टेरॉइड पोटातही जातं. कातडी पातळ होते, प्रतिकार खचतो, काहींना मधुमेह होतो. दोन दिवस चट्टा फिका दिसला म्हणून ‘गुण आला’ म्हणणं ही तर फसवणूक, आणि ती सगळ्यांत आधी स्वतःचीच.

आता पोत्याकडे येतो. मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे, दुसऱ्या वस्तीवर सोडून येण्याची आपल्याकडची जुनी रीत. कारण काय, तर घरातल्या लेकरांना रोग लागेल. ही भीती अर्धी खरी आहे आणि त्या अर्ध्या भागाची मला कदर आहे. गजकर्ण मांजराकडून माणसाला होतं, विशेषतः मुलांना. मांजराच्या खरजेचा किडा माणसाला काही दिवस खाज देतो, पण माणसाच्या अंगावर तो आपला संसार थाटू शकत नाही, मांजर बरं झालं की ती खाजही जाते. ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या परिसरात, स्पोरोट्रिक्स नावाची बुरशी मांजरांच्या ओरखड्यांतून हजारो माणसांना झाली आहे. म्हणजे मांजराच्या जखमेला उघड्या हातानं हात लावू नये, हे खरंच. पण मांजराचा केस पोटात गेला की क्षय होतो, हे खोटं. दम्याच्या माणसाला मांजराचा त्रास होऊ शकतो, तो केसामुळं होत नाही, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळं होतो, आणि निरोगी मांजरामुळंही होतो.

मांजर सोडून दिल्यानं घर स्वच्छ होतं का? मायक्रोस्पोरम कॅनिसचे बीजाणू गळालेल्या केसांत आणि कोंड्यात वर्ष-दीड वर्ष जिवंत राहू शकतात. ते गोधडीत, चटईत, बाजेच्या नवारीत, माळ्यावरच्या पोत्यांत बसलेले असतात. मांजर गेलं तरी ते जात नाहीत. पिसवांची गोष्ट तर याहून उलटी. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या, त्यांची अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या फटींत आणि अंथरुणांत जास्त. मांजर गेलं की उपाशी पिसवा घरातल्या माणसांच्या पायांना चावू लागतात. आणि सोडून दिलेलं मांजर कुठं जातं? शेजारच्या गावातल्या दुसऱ्या घरात, दुसऱ्या लेकरांच्या अंगणात. आपण रोग घालवत नाही, आपण तो पोत्यातून पोचता करतो. वाटेत घाबरलेलं, दुखरं मांजर चावतं, ओरबाडतं, आणि लस न टोचलेल्या मांजराचा चावा म्हणजे रेबीजची टांगती तलवार. अशी जखम झाली तर ती वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं.

पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा जागी सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकं तो तेवढाच आहे, आणि आपल्या कायद्याला हे शोभत नाही. विष घालून मारणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं आणि तिथं पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

माझ्या विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा मी मागं ठेवला होता. ते म्हणतात, ‘इथं माणसाला वेळेवर डॉक्टर मिळत नाही. गुरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन गेलो तर हसतात. परभणीला जाऊन यायचं तर दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. हे सगळं एका मांजरापायी?’ यातलं दुःख खरं आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा, पण पशुवैद्यक महाविद्यालय परभणीतच आहे आणि अवघड दुखण्यासाठी अजून तिकडंच बघावं लागतं. गावोगावच्या दवाखान्यांवरचा भार गाई-म्हशी, बैल, शेळ्यांचा आहे. सोयाबीन गेलेल्या वर्षी माणूस स्वतःच्या औषधाला पैसे मोजून काढतो, हे मी जाणतो.

पण यातून ‘मग पोत्यात घाला’ असा निष्कर्ष निघत नाही. मांजराच्या कातडीच्या पहिल्या तपासणीला लागतं काय? एक पातं, एक काच, दोन थेंब तेल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि एक साधा सूक्ष्मदर्शक. चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली तर खरजेचा किडा चालताना दिसतो. कडेचे तुटके केस काचेखाली ठेवले तर बुरशीनं वेढलेला केस ओळखू येतो. अंधारात जांभळ्या-निळ्या वूड दिव्याखाली मायक्रोस्पोरम लागलेले केस हिरवे चमकतात. सगळ्या बुरश्या चमकत नाहीत, पण चमकला तर अर्धं काम झालं. पांढऱ्या ओल्या कागदावर मांजराचे केस विंचरले आणि पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. ही तपासणी तर घरीही होते. यातल्या कशालाही शहरातली यंत्रसामग्री लागत नाही. शेळीची खरूज ओळखणारा डॉक्टर मांजराचीही ओळखू शकतो. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेची चौकशी करता येते.

खर्चाचं म्हणाल तर तोही एकदा मोजून बघा. आधी दुकानातली दोन औषधं, मग मलम, मग तिसऱ्या माणसानं सांगितलेली पावडर, आणि शेवटी मुलाच्या डोक्यावर उठलेल्या गजकर्णाचा दीड-दोन महिन्यांचा उपचार. यापेक्षा एकदा दवाखान्यात नेलेलं मांजर महाग पडत नाही. शिवाय ज्या घरात वर्षभराचं धान्य आणि बियाणं पोत्यांत भरून ठेवलेलं असतं, तिथं मांजर शोभेचं जनावर नसतं. उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो. ते मांजर त्या घरात काम करतं.

खाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण इथं दोष कुणाच्या निर्दयपणाचा नसतो. आमच्याकडच्या कितीतरी माळकरी घरांत मांजराला दूध-भाकरीवर ठेवलं जातं, आणि उंदीर मिळाले नाहीत की तेवढंच. मांजर मांसावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन आणि काही मेदाम्लं त्याला स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत, ती मांस, मासे, अंड्यातूनच मिळतात. प्रथिनं कमी पडली की केस कोरडे, निस्तेज होतात, जखमा लवकर भरत नाहीत. घरात चालत नसेल तर अंगणात वेगळ्या वाटीत उकडलेलं अंडं द्या, सुकट द्या, तयार खाद्य द्या. याच जिल्ह्यात संत नामदेवांचं नरसी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट इथल्या प्रत्येक लेकराला माहीत असते. मांजराला त्याचं अन्न देण्यात माळेला कमीपणा येतो असं मला वाटत नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत घरी काय करावं? मांजर एका खोलीत वेगळं ठेवा, लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवा, हात लावताना प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजा घाला. उघडी जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसा, अर्धा लिटरला एक छोटा चमचा मीठ पुरे. खूप चाटत असेल तर जाड पुठ्ठ्याची गळपट्टी करून मानेभोवती बांधा, श्वास आणि खाणं अडणार नाही अशी. गोधड्या, चादरी धुवा, केस झाडून गोळा करून जाळा, फरशी पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यानं पुसा, पण तेव्हा मांजराला तिथं येऊ देऊ नका. चट्टा कुठून सुरू झाला, खाज आहे की नाही, घरात आणखी कुणाला चट्टे आहेत का, आधी काय काय लावलं, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. आधी लावलेलं लपवलं तर निदान चुकतं. गजकर्णाचं औषध दिलं तर ते सांगितलेले सगळे आठवडे द्या, केस उगवू लागले म्हणून मध्येच थांबवू नका. कातडी बरी दिसू लागल्यावरही बुरशी काही काळ टिकून असते. घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांचीही तपासणी करा.

सेनगाव पंचायत समितीकडे आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे माझी मागणी आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक असावा, आठवड्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठरवून फलकावर लिहावा, आणि रेबीजची लस तिथं टोचून मिळावी. कृषी केंद्र चालवणाऱ्यांनी गोचिडाच्या औषधाची बाटली देताना ‘हे मांजराला लावायचं नाही’ एवढं एक वाक्य बोलावं. आणि वाचकहो, तुमच्या घरच्या मांजराच्या अंगावर उद्या चट्टा दिसला तर कपाट उघडू नका, दुकानात जाऊ नका. त्याला पिशवीत घाला, पिशवीचं तोंड सैल ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. कुणी हसलं तर हसू द्या.